आवडावयनीची दुपारची साखर

माझ्या वयनीने उभ्या जन्मात कुणाच्या पानातलं उचलून खाल्लं नाही, आणि तिला तिच्या पोटच्या पोराने चोर म्हटलं. माझ्यासमोर, भर ओटीवर, गिऱ्हाईक उभं असताना. मी हातातली सुरी तशीच धरून उभी राहिले. म्हटलं, हा खरंच असं बोलला, की माझ्याच कानात काही बिघाड झालाय?

सांगते. पण पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीसुद्धा त्या पोराचीच बाजू घ्याल. तेव्हा होतीच ती घेण्यासारखी.

आवडाबाई म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, मोरूदादाची बायको. म्हसळ्याकडची कुणब्याची पोर. लग्न होऊन हरिहरेश्वरला आली तेव्हा मी परकर नेसून हुंदडत होते. तेव्हापासून ती मला वन्सं म्हणते आणि अहोजाहो करते, आणि मी तिला वयनी म्हणते आणि सरळ अगंतुगं करते. पुढे माझं लग्न झालं, नवरा मुंबईला गोदीत, तिकडे अर्धं आयुष्य गेलं, म्हणून माझं बोलणं असं मिसळलेलं. नवरा गेला, मूलबाळ नाही, तशी मी माहेरी परत आले. गावात बायका म्हणाल्या, आता आवडाबाईचं काही खरं नाही, नणंद कायमची आली. माझा स्वभाव सगळ्यांना ठाऊक. पण या बाईने दारातच माझी पिशवी हातातून घेतली आणि म्हणाली, "वन्सं, तुमची खोली झाडून ठेवलीया." झालं! आता भांडू कशावरून?

देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर आणि ओटीवरच आमचं दुकान. कुळथाचं पीठ, आमसुलं, पोह्याचे पापड, आणि सगळ्यात जास्त खपणारं म्हणजे वयनीचं कोकम. पुण्या-साताऱ्याकडचे लोक दर्शन करून येतात आणि गाडी थांबवून विचारतात, मावशीचं कोकम आहे का. वैशाखात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकली की आमच्या घरात दुसरं काही सुचत नाही. रातांबा अर्धा चिरायचा, बिया काढायच्या, त्या वाटीत साखर ठासून भरायची आणि अशा वाट्या बरणीत एकावर एक रचत जायच्या. तोंडाला फडकं बांधून बरण्या उन्हात. साखर विरघळली की लालबुंद रस सुटतो. बस, एवढंच. पण या एवढ्याशात एक नियम आहे आणि तो वयनीचा देवाहून मोठा. बरणीजवळ पाण्याचा थेंब येता कामा नये. थेंब गेला की बुरशी, आणि अख्खी बरणी उकिरड्यावर. सकाळी हात धुऊन, खडखडीत कोरडे करून ती पाटावर बसली की काम संपेपर्यंत तिच्या हाताला पाणी नाही. बोटं चिकट झाली की कोरड्या फडक्याला पुसायची. तांब्यासुद्धा तिथे ठेवू द्यायची नाही. मी आले त्या वर्षी ओल्या हाताने एका बरणीचं झाकण उचललं, तर ही गरीब गाय माझ्या अंगावर अशी धावून आली की मी दोन पावलं मागे सरले. तेवढीच एकदा ती माझ्यावर ओरडली असेल.

आता मोरूदादाचं सांगते, कारण खरं सगळं तिथून सुरू झालं. दादाला साखर होती. म्हणजे मधुमेह हो. आणि माणूस असा गोडखाऊ की काय सांगू! भाताच्या कणगीत पेढे लपवायचा. मिटलेल्या छत्रीत जिलबीची पुडी! पाऊस नसताना हा छत्री घेऊन परसात कशाला जातो, म्हणून बघितलं तेव्हा कळलं. विचारलं की हरिहरेश्वराची शपथ घ्यायचा, आणि मिशीला बर्फीचा चुरा. आधी अंगठ्याला जखम झाली, मग पाऊल काढलं, मग गुडघ्यापर्यंत गेलं, आणि मग दादाच गेला. त्याचा मुलगा रितेश, तो रोह्याला कंपनीत आहे, तो सुट्टी काढून यायचा आणि बापाची ती जखम स्वतः धुवायचा. शेवटच्या आठवड्यातसुद्धा उशीखाली चिक्कीचा कागद सापडला. रितेश तो कागद हातात घेऊन रडला होता. ते मी पाहिलंय.

दादाचं वर्षश्राद्ध झालं आणि वयनीला दुकानात घेरी आली. तपासलं, तर तिलाही साखर! माझ्या तोंडचं पाणीच पळालं. एकाच घरात किती म्हणून बघायचं?

पण ही बाई दादासारखी नव्हती. श्रीवर्धनचे डॉक्टर म्हणाले, मावशी, भात कमी करा. हिने कमी नाही केला, सोडलाच. आमच्याकडे भात सोडायचा म्हणजे काय ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. पानात भात नसला तर जेवलो असं वाटतच नाही. एक महिना तिने भाताकडे बघितलं नाही. आणि साखर काही हलेना. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, मग तुम्ही खाता तरी काय?"

"भाकरी."

"कसली?"

"कसली म्हंजे? तांदळाची. दोन येळंला तीन-तीन."

डॉक्टर घाटावरचे, त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो मावशी, तो भातच की!"

 परत येताना मिनीडोर रिक्षात वयनी बोटांवर भाकऱ्या मोजत राहिली. घर आलं तेव्हा म्हणाली, "वन्सं, म्हैनाभर मी भात दळून खाल्ला." मला हसू आवरेना आणि तिला रडू.

त्यानंतर मात्र तिने असा हिसका दाखवला की बघत राहावं. नाचणीची एक भाकरी, वर कुळथाची पिठी, शेवग्याचा पाला, बांगडा असेल तर बांगडा, सुकट असेल तर सुकट. चहात साखर बंद. रितेशने साखर तपासायचं मशीन आणून दिलं आणि शेजारी बसून शिकवलं. हात साबणाने धुवायचा, कोरडा करायचा, बोटाच्या कडेला टोचायचं, थेंब पट्टीला लावायचा. बोट ओलं राहिलं तर आकडा चुकतो, हे त्याने दोनदा सांगितलं. तिला त्याचा नादच लागला. फणसाचे गरे खाऊन तपासायचं, पोळी खाऊन तपासायचं, देवळापर्यंत चालून येऊन तपासायचं. "वन्सं, बगा, चालून आले तर तीस उतरली!" सकाळी उपाशीपोटी एकदा आणि दुपारी जेवणाआधी एकदा, आकड्याचा फोटो काढून रितेशला पाठवायचा. सगळा हिवाळा सव्वाशे, एकशे तीस. रितेशची बायको पूनम फोनवर म्हणाली, आई, तुमचे आकडे माझ्यापेक्षा चांगले आहेत. वयनी दिवसभर खुशीत होती.

आणि वैशाख आला, रातांबे आले, साखरेचं पोतं पडवीत आलं.

पहिल्या दिवशी दुपारी मशीनने दाखवलं तीनशे अठ्ठ्याऐंशी.

वयनी म्हणाली, मशीन बिघडलं. परत टोचलं. चारशे दोन!  दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर एकशे अठरा. म्हटलं हुश्श. दुपारी परत चारशेच्या वर. सकाळी गरीब, दुपारी राक्षस! असं कधी कुणी ऐकलंय? सकाळी न्याहारीला अर्धी भाकरी आणि लसणीची चटणी, ती मीच तिला वाढलेली. मधे काही नाही. मग ही साखर आभाळातून पडत होती की काय?

रितेशचा फोन आला. "आई, काय खाल्लंस?"

"काय न्हाय रे."

"मग चारशे कशी?"

"मला काय ठावं?"

रोज हेच. सुरुवातीला तो समजुतीने बोलायचा. मग त्याचा आवाज चढायला लागला. मग तो बोलेचना, नुसता श्वास ऐकू यायचा फोनवर, आणि ते जास्त वाईट होतं. तो फोटो घेऊन डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी सरळ विचारलं, हात धुऊन तपासतात ना? हा म्हणाला, हो, मीच शिकवलंय तिला. त्याचंही खरंच होतं म्हणा. त्याने शिकवलेलंच होतं. सकाळी ती धुतही होती. डॉक्टर म्हणाले, सकाळी बरी आणि दुपारी इतकी म्हणजे मधे काहीतरी पोटात जातंय. त्यांनी आकडे बघून दुपारच्या जेवणाआधी इन्सुलिनचं इंजेक्शन लिहून दिलं, टोचल्यावर लगेच जेवायचं म्हणून बजावलं, आणि बाईंना एकदा इकडे घेऊन या असंही सांगितलं. वयनी म्हणाली, हंगाम सरला की जाऊ, रातांबे काय माजी वाट बगनार हायेत?

त्या रविवारी रितेश आणि पूनम दोघं आले. मी ओटीवर रातांबे चिरत होते, वयनी बरणी भरत होती, एक पुण्याचं जोडपं पापड बघत उभं होतं. रितेश आल्या आल्या पडवीत गेला. साखरेचं पोतं उघडंच, कामाचं पोतं ते, उघडंच असणार. त्यात वाटी. तो बघत राहिला. मग आत गेला. आतून ट्रंकेचं झाकण वाजलं. मी डोकावले, तर हा आईचं अंथरूण झटकत होता! उशी काढून बघितली. तिच्या लुगड्यांच्या घड्या उलगडून बघितल्या. कणगीत हात घातला.  पोटचा पोर आईची झडती घेतोय!

"रितेश!" मी ओरडले. "लाज हाय का रे तुला?"

त्याला काहीच सापडलं नव्हतं. न सापडल्याने तो जास्त भडकला होता. बाहेर येऊन आईसमोर उभा राहिला. "कुठे लपवतेस? की लपवायची गरजच नाही? समोर पोतं, हात घातला की तोंडात. चोरून खायचं ते बाबांनी शिकवलंच होतं तुला."

"मी न्हाय खाल्लं," वयनी म्हणाली.

"बाबापण हेच म्हणायचे. देवाची शपथ घेऊन म्हणायचे. त्यांचा पाय मी धुतलाय, आई. तुझा धुणार नाही. सांगून ठेवतो, माझ्यात ताकद नाही आता."

पुण्याचं जोडपं पापड ठेवून निघून गेलं. वयनीने हातातली वाटी साखरेने भरली, बरणीत ठेवली, दुसरी उचलली. मी त्या पोराला काय काय बोलले ते इथे सांगत नाही, पण बोलून काय उपयोग? आकडा तर समोर होता.

रितेश कामावर परत गेला आणि पूनमला आईजवळ ठेवून गेला. इंजेक्शन द्यायला, असं म्हणाला. खरं म्हणजे पहाऱ्याला. पूनम पोरगी चांगली. ओशाळून आईच्या समोर मोबाइल घेऊन बसायची आणि सकाळभर उठायची नाही. दुपारी ती सुई टोचायची आणि मग वयनी जेवायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पूनम मला विहिरीवर गाठून हळूच म्हणाली, "आत्या, मी डोळ्याची पापणी हलवत नाही. आई काहीसुद्धा तोंडात टाकत नाहीत. तरी आज चारशे एकोणीस. मला भीती वाटते हो. हे काय आहे?"

 मी तिला म्हटलं, "रितेशला सांग ना तसं."

"सांगितलं. ते म्हणतात, तू आईला ओळखत नाहीस."

इकडे वयनीने दुसरंच मांडलं. भाकरी अर्धी केली. मग पाव केली. मग नुसती कुळथाची पिठी प्यायला लागली. मी रागावले, ताट तिच्यापुढे आदळलं, "अगं उपाशी मरशील!" तर म्हणते, "खाल्ल्यावर चढतीया, तर खातच न्हाय. मग तर उतरंल?" आणि तरी दुपारी आकडा तसाच. बाई वाळायला लागली. गळ्याची हाडं दिसायला लागली. पोट रिकामं, रोजची सुई चालू, आणि मशीन म्हणतंय की हिच्या अंगात साखरच साखर! मी त्या मशीनला शिव्या घातल्या. पूनमने स्वतःचं बोट टोचून बघितलं तर शहाण्णव. मशीन चोख होतं.

मग तो दिवस.

दुपारी चारशे बासष्ट आली. पूनमने डॉक्टरांच्या कागदावर बघून इंजेक्शन दिलं आणि म्हणाली, आई, आता लगेच जेवा. वयनी म्हणाली, "वाढून ठ्येव, एवडी बरनी भरते." पूनम आत ताट वाढायला गेली, तेवढ्यात तिच्या माहेरचा फोन आला. मी गिऱ्हाइकाला आमसुलं तोलून देत होते. वयनीने ताटातले दोन घास खाल्ले असतील नसतील, परत पाटावर जाऊन बसली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

काही वेळाने मी सहज वळून बघितलं. वयनी उठली होती. पडवीतल्या तांब्याकडे गेली, तांब्या उचलला, बरणीजवळ आली. मला वाटलं, तहान लागली. आणि तिने तांब्याभर पाणी बरणीत ओतलं.

अहो, बरणीत! पाणी! आवडाबाईने!

माझ्या हातातून तराजू पडला. "वयनी! अगं काय क्येलंस ह्ये?" ती माझ्याकडे बघून हसली. पण ते तिचं हसणं नव्हतं. डोळे कुठेतरी भलतीकडेच. अंग घामाने निथळत होतं, लुगडं पाठीला चिकटलेलं. म्हणाली, "मोरूला वाड गो, मोरू आलाय." जन्मात नवऱ्याचं नाव न घेणारी बाई! आणि बोलता बोलता भिंतीला घसरत खाली बसली, मान एका बाजूला कलंडली.

मी किंचाळले. पूनम धावत आली. तिने मशीन काढलं, वयनीचं बोट धरलं, टोचलं. मशीनवर आकडा आलाच नाही. इंग्रजीत दोन अक्षरं आली. पूनम पांढरीफटक पडली. "आत्या, हाय! म्हणजे मशीनला मोजता येत नाही इतकी वर गेलीय! सहाशेच्या वर!" आणि ती इन्सुलिनचं पेन आणायला पळाली. आणून किती औषध द्यायचं तो आकडा फिरवायला लागली.

मला काही कळत होतं असं नाही. खोटं कशाला सांगू? मला फक्त एवढं दिसत होतं की बाई मेल्यासारखी पडलीय आणि ही पोरगी घाबरून तिला परत टोचतेय. मी तिच्या हातातून ते पेन हिसकावून घेतलं. "बेसुद मानसाला सुई टोचतीस? डाक्टर टोचंल काय टोचायचं ते! गाडी बोलव!"

"आत्या, वेळ जाईल! द्या इकडे!"

"गाडी बोलव म्हनते ना!"

आम्ही दोघी तिथे पेनवरून झोंबलो, वयनीच्या अंगावरून.  शेजारचा अल्पेश मिनीडोर चालवतो, तो आरडाओरडा ऐकून आला. त्याने वयनीला उचललं आणि आम्ही निघालो. रस्ताभर पूनम रडत म्हणत होती, तुम्ही देऊ दिलं नाही, आईंना काही झालं तर मी रितेशला काय सांगू. आणि मी वयनीचे गार हात चोळत मनात म्हणत होते, खरंच, मीच मारली की काय हिला?

दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. पूनमने धापा टाकत सांगितलं, साखर सहाशेच्या वर गेलीय, मशीन हाय दाखवतंय. डॉक्टरणीने वयनीचा घाम बघितला, तिच्या कानाच्या पाळीला टोचलं आणि त्यांच्या मशीनला थेंब लावला. मग नर्सला ओरडून म्हणाली, "एकतीस! ग्लुकोज आण, पळ!"

"तीनशे एकतीस?" पूनमने विचारलं.

"नुसते एकतीस. साखर संपलीय यांची. अजून थोडी उतरली असती तर गेल्या होत्या."

नळी लावली, बाटलीतलं पाणी हातात जायला लागलं. साखरेचं पाणी! जी साखर इतकी वर्षं आमच्या घरात शत्रू होती, तीच तिच्या शिरेत ओतत होते, आणि मी बघत होते. पूनम खाली फरशीवरच बसली. तिच्या हातात ते पेन होतं, निघताना मी पिशवीत कोंबलेलं तिने कधी काढलं कुणास ठाऊक. ती त्याच्याकडे बघत होती. टोचलं असतं तर काय झालं असतं, ते आम्हा दोघींनाही एकदमच कळलं. 

डॉक्टरणीने आमचं मशीन मागून घेतलं. वयनीचं बोट ओल्या कापसाने पुसलं, आणि कापूस लाल झाला. तिने दुसरा कापूस घेतला, तोही लाल. "हे रक्त नाही. काय लागलंय हाताला?"

"कोकम," मी म्हटलं. "हंगाम हाय. सरबताचं कोकम भरतो आमी."

"नुसतं कोकम?"

"कोकम आनि साखर."

तिची नजर माझ्या हातांवर गेली. मग म्हणाली, "मावशी, तुम्हीपण भरता? हात दाखवा तुमचा." मी हात पुढे केला. लाल, चिकट, सकाळपासून तसाच. "तुम्हाला मधुमेह आहे?" नाही म्हटलं, गेल्या महिन्यातच तपासलंय. तिने माझं बोट न पुसता टोचलं आणि आमच्याच मशीनला थेंब लावला.

पाचशे सात.

"अगं बाई!" मी ओरडले. "मला? मला कशी?"

"आता साबणाने हात धुऊन या."

मी मोरीवर गेले. हात धुतले, परत धुतले. परत आले. तिने परत टोचलं. एकशे चार.

पूनमने तोंडावर पदर दाबला.  साखर बोटावर होती! पोटात नव्हती, रक्तात नव्हती, बोटावर होती! बरणीत थेंब जाऊ नये म्हणून ती हात धुवत नव्हती, कोरड्या फडक्याला पुसून टोचत होती, आणि ओलं बोट नको असं पोरानेही सांगितलेलं. एवढ्याचसाठी आम्ही तिची अंथरुणं झटकली! एवढ्याचसाठी तिला सुया टोचल्या, उपाशी ठेवलं, पहारा बसवला! मी डोकं धरून बाकावर बसले. 

संध्याकाळच्या आत रितेश रोह्याहून आला. पूनमने त्याला बाहेर नेऊन सांगितलं. मी खिडकीतून बघत होते. आधी त्याला कळलंच नाही. मग त्याने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि तिथेच गाड्यांच्या मधे उभा राहिला. मी त्याला फाडून खाणार होते. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. पण तो आत आला तो चेहरा बघितला आणि मी खाटेजवळून सरून त्याला वाट दिली.

वयनी जागी झाली होती. डोळे आता तिचे तिचे होते. रितेश तिच्या पायाशी बसला, पाय धरले. "आई, तू खाल्लं नव्हतंस. तुझ्या हाताला साखर लागलेली, मशीन तीच दाखवत होतं. तू खरं बोलत होतीस."

वयनीने आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "खरंच?" तिने विचारलं. "खरंच मी खात नव्हते?"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. ही काय विचारतेय?

"आई, असं काय बोलतेस? तुलाच माहीत ना?"

"न्हाय रे," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "मला वाटाय लागलं व्हतं, कामाच्या नादात हात आपसूक तोंडाकडं जात असंल. मला कळत नसंल. म्हनून सकाळी बसले की तोंडात चिंचोका धरायची. म्हनलं, काय खाल्लं तर त्यो पडंल, न्हायतर गिळला जाईल. दुपारी काडून बगायची, तर जागच्या जागी."

तेव्हा मला उमगलं की आठवडाभर सकाळी काही विचारलं की ही मला नुसतं हं हं का करत होती. मी समजले होते, रुसलीय.

"चिंचोका जागेवर होता ना?" रितेश म्हणाला. "मग?"

"मग मशीन चारशे म्हनायचं. तवा मला वाटायचं, मीच त्यो काडला असंल, साखर खाल्ली असंल, आनि परत ठ्येवला असंल."

रितेशचा चेहरा माझ्याने बघवेना.  तो म्हणाला, "आई, स्वतःवरसुद्धा विश्वास ठेवला नाहीस?"

वयनीने नळी नसलेला हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

"कसा ठ्येवनार, बाबा? तू म्हनालास ना, मी खाते म्हनून."